अक्षर म्हणजे संख्याच
(माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी)

सातवीपर्यंत अंकगणितात चांगली गती असलेला विद्यार्थी बीजगणिताशी गाठ पडताच एकाएकी मागे पडतो, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. बेरीज, गुणाकार, शेकडेवारी, सरळव्याज यांत त्याचे काही अडत नाही. परंतु संख्येच्या जागी अक्षर आले की त्याचा हात थबकतो. नववी-दहावीत एकसामयिक समीकरणे व वर्गसमीकरणे येतात, तोवर 'गणित हा आपला विषय नव्हे' असे त्याने मनाशी ठरवूनही टाकलेले असते. या निर्णयाची किंमत मोठी आहे. तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र अशा कितीतरी वाटा वयाच्या पंधराव्या वर्षीच बंद होतात. बहुतेक वेळा यात दोष बुद्धीचा नसतो, तर आरंभीच झालेल्या एका गैरसमजाचा असतो. तो कोणता व कसा दूर करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विद्यार्थ्यांनी तो कागद-पेन्सिल हाती घेऊन वाचावा.

आंबा नव्हे, आंब्यांची संख्या

३अ + २ब ही राशी दिली असता पुष्कळ विद्यार्थी तिचे उत्तर ५अब असे लिहितात. ही चूक सुधारण्यासाठी वर्गात एक दृष्टान्त सर्रास दिला जातो : अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरे; तीन आंबे आणि दोन बोरे यांची बेरीज होत नाही. दृष्टान्त सोपा आहे आणि त्या दिवसापुरती चूकही सुधारते. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्याने लाभापेक्षा हानीच अधिक होते. दुसऱ्याच दिवशी अ × ब हा गुणाकार फळ्यावर येतो. आंब्याला बोराने गुणावयाचे म्हणजे काय करावयाचे? अ चा वर्ग म्हणजे आंब्याचा वर्ग काय? या प्रश्नांना उत्तर नसते, आणि विद्यार्थी समजून घेण्याचा नाद सोडून नियम पाठ करू लागतो.

अ म्हणजे आंबा नव्हे. अ म्हणजे आंब्यांची संख्या, किंवा एका आंब्याची रुपयांतील किंमत, किंवा आंब्याच्या पेटीचे किलोग्रॅममधील वजन. काहीही असो, ती एक संख्या आहे. ती आज आपणांस ठाऊक नसेल, किंवा ती कोणतीही असू शकेल. पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांचे जे नियम संख्यांना लागू आहेत तेच अक्षरांना लागू आहेत, कारण अक्षरामागे संख्याच उभी आहे. बीजगणितात नवे नियम असे नाहीतच. म्हणून उदाहरण सोडविताना 'समजा, आंबे = क्ष' असे कधीही लिहू नये. 'आंब्यांची संख्या क्ष मानू' असे पूर्ण वाक्य लिहावे. हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. पुढची सारी मांडणी या एका वाक्यावर अवलंबून असते.

आपल्या प्राचीन गणितज्ञांना हा विचार स्वच्छ दिसला होता. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ इ. स. ११५० मधील, 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग होत. 'बीजगणिता'त पहिल्या अव्यक्त संख्येला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके तितके', असे नाव आहे आणि त्यापुढील अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. लिहिताना त्यांची आद्याक्षरे घेत : या, का, नी, पी. समान जातीच्या अव्यक्तांची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीचे अव्यक्त वेगवेगळे मांडून ठेवावेत, असा त्यांचा नियम आहे. ३अ + २ब तशीच का ठेवावयाची, याचे उत्तर त्यात आले. पण दोन भिन्न अव्यक्तांचा गुणाकार मात्र होतो आणि त्या गुणाकाराला त्यांनी 'भावित' असे स्वतंत्र नाव दिले आहे. रंगांची नावे असूनही ते रंगांचा गुणाकार करीत नव्हते, संख्यांचा करीत होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाचा उल्लेख असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, हेही या ओघात सांगावयास हवे.

पाठ्यपुस्तकात ही अक्षरे रोमन असतात. जुन्या मराठी पुस्तकांत अ, ब, क्ष, य अशी असत. या लेखात मराठी अक्षरेच घेतली आहेत. अक्षर कोणते, याला काहीच महत्त्व नाही.

पडताळा आणि त्याची मर्यादा

अक्षर म्हणजे संख्या हे एकदा पटले की विद्यार्थ्याच्या हाती एक उत्तम साधन येते. आपण लिहिलेली पायरी बरोबर आहे की नाही, हे तो अक्षरांच्या जागी संख्या घालून स्वतःच पाहू शकतो. अ = २ व ब = ५ घेतल्यास ३अ + २ब ची किंमत १६ येते, तर ५अब ची ५० येते. दोन्ही एक नव्हेत, हे कोणी सांगावयास नको. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिणाऱ्याने अ = ३, ब = ४ घेऊन पाहावे. एकीकडे ४९, दुसरीकडे २५. उरलेले २४ कोठे गेले? सात मीटर बाजूचा चौरस कागदावर काढून त्याच्या बाजू ३ व ४ अशा विभागल्या, तर ९ व १६ चौरस मीटरचे दोन चौरस मिळतात आणि १२-१२ चौरस मीटरचे दोन आयत उरतात. ते दोन आयत म्हणजेच सूत्रातील २अब.

पडताळ्यासाठी ० आणि १ या संख्या मात्र टाळाव्यात. अ = १, ब = १ घेतले तर ३अ + २ब आणि ५अब या दोहोंची किंमत ५ येते आणि चूकही बरोबर भासते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पडताळ्याने विधान खोटे ठरविता येते. पण सर्व संख्यांविषयी केलेले विधान खरे ठरविता येत नाही. अ² + अ + ४१ ही राशी अठराव्या शतकातील थोर गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाशी निगडित आहे. अ च्या जागी ०, १, २, ३ घातल्यास ४१, ४३, ४७, ५३ मिळतात; या सर्व मूळ संख्या आहेत. पुढेही ३९ पर्यंत कोणतीही संख्या घातली तरी उत्तर मूळ संख्याच येते. लागोपाठ चाळीस वेळा खरे ठरलेले विधान कायमचे खरे मानण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु अ = ४० घेताच ४० × ४० + ४० + ४१, म्हणजे ४० × ४१ + ४१, म्हणजेच ४१ × ४१ येते आणि ही मूळ संख्या नव्हे. प्रश्नपत्रिकेत 'सिद्ध करा' आणि 'पडताळून पाहा' असे दोन निरनिराळे शब्दप्रयोग असतात, ते याच कारणाने.

ऋण संख्यांच्या गुणाकाराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण व शून्य यांच्या गणिताचे नियम सांगितले आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो, असे नमूद केले. हा नियम विद्यार्थी पाठ करतात, पण तो मनातून पटलेला नसतो. त्यांनी ७ × ८ हा गुणाकार (१० − ३) × (१० − २) असा मांडावा. चार गुणाकार करावे लागतात. पहिले तीन १००, −२० आणि −३० असे येतात. त्यांची बेरीज ५०. खरे उत्तर ५६ आहे हे पाढ्यावरून ठाऊकच आहे. तेव्हा चौथा गुणाकार, (−३) × (−२), हा +६ असल्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एका चुकीचा निर्देश येथेच करतो. क्ष² = ५क्ष हे समीकरण आले की दोन्ही बाजूंतील क्ष 'उडवून' क्ष = ५ असे उत्तर लिहिले जाते. क्ष उडविणे म्हणजे क्ष ने भागणे. क्ष ही संख्या आहे आणि ती शून्य असू शकते. शून्याने भागता येत नाही. येथे शून्य हेही समीकरणाचे उत्तर आहे आणि भागाकाराच्या घाईत तेच हरवते. म्हणून क्ष² − ५क्ष = ० असे लिहून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडावेत.

अंक वेगळा, संख्या वेगळी

अक्षर आणि संख्या यांच्या संबंधात जी गफलत होते, तिचे खरे दर्शन अंकांच्या उदाहरणांत घडते. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब हा अंक असलेली संख्या कोणती? वर्गातील निम्म्या मुलांचे उत्तर 'अब' असे येते. पण बीजगणितात अब म्हणजे अ आणि ब यांचा गुणाकार. दशकस्थानी ४ व एककस्थानी ७ असलेली संख्या सत्तेचाळीस आहे. चार साते अठ्ठावीस नव्हे. सत्तेचाळीस म्हणजे १० × ४ + ७, म्हणून आपली संख्या १०अ + ब. स्थानिक किंमत प्राथमिक शाळेतच शिकविली जाते. बीजगणितात तिचा पुन्हा उपयोग करावयाचा आहे, एवढेच.

परीक्षेतील नेहमीचे एक उदाहरण घेऊ. एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज १२ आहे. अंकांची अदलाबदल केली असता येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा १८ ने मोठी आहे. तर मूळ संख्या कोणती? दशकस्थानचा अंक क्ष व एककस्थानचा अंक य मानू. पहिल्या अटीवरून क्ष + य = १२. मूळ संख्या १०क्ष + य आणि अदलाबदलीनंतरची १०य + क्ष; म्हणून (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = १८, म्हणजे ९(य − क्ष) = १८, म्हणजेच य − क्ष = २. यावरून य = ७, क्ष = ५ व संख्या ५७. पडताळा : ७५ − ५७ = १८.

बहुतेक विद्यार्थी उत्तराखाली रेघ मारून येथेच थांबतात. क्षणभर मागे वळून पाहिले तर या उदाहरणातून फार मोठी गोष्ट हाती लागते. अंक कोणतेही असोत, अदलाबदलीने होणारा फरक नेहमी ९(य − क्ष) इतकाच, म्हणजे ९ च्या पटीत असतो. फरक २० दिला असता तर उदाहरणाला उत्तरच नसते, आणि हे एकही आकडेमोड न करता सांगता आले असते.

मुरब्बी हिशेबनिसांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. रोजमेळ व खतावणी यांच्या बेरजा जुळत नसतील आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर ते प्रथम कोठे अंकांची अदलाबदल झाली आहे काय, याचा शोध घेतात. ५,३७० रुपयांच्या जागी ५,७३० लिहिले गेले, तर फरक ३६०, म्हणजे ९ × ४० येतो. एखादे शून्य गळले तरी तेच घडते : ५४० च्या जागी ५४ लिहिल्यास फरक ४८६, म्हणजे ९ × ५४. कारण उघड आहे; १०अ − अ = ९अ. अर्थात फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे चूक याच प्रकारची, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही. ती केवळ शोधाची दिशा होय.

९ च्या विभाज्यतेची कसोटीही अशीच उलगडते. १००अ + १०ब + क ही तीन अंकी संख्या ९(११अ + ब) + (अ + ब + क) अशी लिहिता येते. पहिल्या भागाला ९ ने भाग जातोच. म्हणून संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीइतकीच असते. ११ ची कसोटी विद्यार्थ्यांनी स्वतः सिद्ध करावी. १० म्हणजे ११ − १, १०० म्हणजे ९९ + १ आणि १००० म्हणजे १००१ − १ एवढी सूचना पुरेशी आहे.

देवळालीच्या शिक्षकाचा शोध

अंकांच्या खेळातून जगाचे लक्ष वेधून घेणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूस झाला. नाशिकजवळील देवळाली येथे ते शाळेत शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म आढळला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात कापरेकरांच्या कार्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव सर्वदूर पोचले. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले; ६१७४ ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

गुणधर्म असा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तरात अंक कमी आले तर डावीकडे शून्य घालून ते चार अंकी ठेवावे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६० घेऊन पाहू :

९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

सातव्या पायरीला ६१७४ आले, आणि यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच येत राहणार. कोणत्याही संख्येला सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. आपल्या राज्याच्या स्थापनावर्षाने सातही घेतल्या, ही एक गंमत.

पण हे सर्वच संख्यांबाबत खरे आहे, हे कशावरून? अशा ८,९९१ चार अंकी संख्या आहेत. एकेक घेऊन पाहू लागलो तर कित्येक दिवस जातील. येथे अक्षर मदतीला येते. संख्येतील अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानू. मग पहिली वजाबाकी अशी होते :

(१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ) = ९९९(अ − ड) + ९०(ब − क)

या एका ओळीत खूप काही सामावले आहे. ९९९ आणि ९० या दोहोंना ९ ने भाग जातो. म्हणून पहिल्याच पायरीनंतर येणारी प्रत्येक संख्या ९ च्या पटीत असते. ६१७४ म्हणजे ९ × ६८६. दुसरे असे की, उत्तर चार अंकांवर स्वतंत्रपणे अवलंबून नाही. ते केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. अ − ड ला प आणि ब − क ला फ म्हणू. सर्व अंक सारखे नसल्याने प शून्य असू शकत नाही. तो १ ते ९ पैकी एक असतो. ब आणि क हे अ व ड यांच्या दरम्यानचे अंक असल्यामुळे फ हा प पेक्षा मोठा होऊ शकत नाही. प = १ असता फ ० किंवा १, अशा दोन शक्यता; प = २ असता तीन; असे करीत प = ९ असता दहा. २ + ३ + ४ + ... + १० यांची बेरीज ५४.

म्हणजे आरंभीची संख्या कोणतीही असो, पहिल्या पायरीनंतर आपण या ५४ संख्यांपैकीच एकीवर येऊन पोचतो. या ५४ संख्यांचा तक्ता करून प्रत्येकीपासून ६१७४ पर्यंतची वाट तपासणे, हे एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखे काम आहे; आणि ते पुरे झाले की कापरेकरांचा गुणधर्म सर्व संख्यांसाठी सिद्ध झाला. अ² + अ + ४१ च्या बाबतीत चाळीस वेळा घेतलेला पडताळा अपुरा पडला, कारण अगणित संख्या बाहेर राहिल्या होत्या. येथे ५४ पडताळे पुरतात, कारण बीजगणिताने एकही शक्यता बाहेर ठेवलेली नाही. तीन अंकी संख्यांसाठी हीच क्रिया केल्यास फरक ९९(अ − क) येतो, शक्यता केवळ नऊ उरतात आणि शेवट ४९५ वर होतो. विद्यार्थ्यांनी सुरुवात तेथूनच करावी.

कापरेकरांचे नाव आणखी एका प्रकारच्या संख्यांना दिलेले आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले तर त्यांची बेरीज पुन्हा ४५. असा गुणधर्म असलेल्या दोन अंकी संख्या किती? संख्या क्ष मानू. तिच्या वर्गाचे शेवटचे दोन अंक मिळून होणारी संख्या ब व डावीकडचा उरलेला भाग अ मानू. मग क्ष² = १००अ + ब आणि क्ष = अ + ब. वजाबाकी केली की क्ष² − क्ष = ९९अ, म्हणजे क्ष(क्ष − १) = ९९अ. तेव्हा क्ष आणि क्ष − १ यांच्या गुणाकाराला ९ व ११ या दोहोंनी भाग गेला पाहिजे. लागोपाठच्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो. म्हणून ९ ने त्यांपैकी एकीला संपूर्ण भाग जाईल आणि ११ नेही एकीला जाईल. दोन्ही भाग क्ष लाच जात असतील तर क्ष = ९९; दोन्ही क्ष − १ ला जावेत अशी दोन अंकी संख्या नाही. क्ष ला ११ ने व क्ष − १ ला ९ ने भाग जात असेल, तर ११, २२, ३३ अशा संख्या तपासाव्या लागतात आणि त्यांत केवळ ५५ टिकते. ५५ चा वर्ग ३०२५. उलट बाजूने १२, २३, ३४ अशा संख्या तपासल्या असता केवळ ४५ मिळते. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९. दहापासून नव्याण्णवपर्यंतच्या नव्वद संख्यांत अशा संख्या या तीनच.